विश्लेषण : मॅटरहॉर्न सर झाले, पण दोर तुटला… झरमॅटला जगाच्या नकाशावर आणणारा एडवर्ड व्हिंपर कोण होता?

स्वित्झर्लंडमधील झरमॅट गावाच्या संग्रहालयात एका दोरीचा तुटलेला तुकडा जपून ठेवला आहे. १४ जुलै १८६५ रोजी ही दोरी तुटली आणि चार गिर्यारोहक मॅटरहॉर्नच्या उत्तर कड्यावरून सुमारे १,२०० मीटर खाली कोसळले. त्याआधी जेमतेम दीड तासापूर्वी हेच चौघे आपल्या तीन साथीदारांसह त्या शिखरावर पाऊल ठेवणारी जगातील पहिली माणसे ठरली होती. या चढाईमागे ज्याचा ध्यास होता तो एडवर्ड व्हिंपर वाचला. त्या वेळी तो अवघा २५ वर्षांचा होता. पुढची ४६ वर्षे तो जगला, पण लोकांनी त्याला प्रश्न विचारला तो त्या एका दोरीबद्दलच. कोण होता हा व्हिंपर आणि त्याच्या एका उन्हाळ्यामुळे आल्प्समधील एक गरीब खेडे कसे बदलले, याविषयी…

झरमॅटचा उन्हाळा आज कसा असतो?

टोब्लेरॉन चॉकलेटच्या वेष्टनावर अनेक वर्षे दिसणारा त्रिकोणी डोंगर म्हणजे मॅटरहॉर्न. उंची ४,४७८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. त्याच्या पायथ्याशी असलेल्या झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना प्रवेश नाही. पर्यटक रेल्वेने येतात. तेथून दातेरी रुळांची रेल्वे ३,०८९ मीटर उंचीवरील गोर्नरग्राटला नेते. थिओडुल हिमनदीवर ऐन उन्हाळ्यातही स्कीइंग चालते.

जुलैमध्ये येथे मॅरेथॉन होते. तिचा शेवट सुरुवातीच्या ठिकाणापेक्षा जवळपास १,५०० मीटर उंचीवर होतो. ऑगस्टमध्ये डोंगरवाटांवरील धावण्याची शर्यत असते. याच काळात हॉर्नली धारेवरील ३,२६० मीटर उंचीच्या निवाऱ्यातून पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवे बांधलेले गिर्यारोहक मॅटरहॉर्नकडे निघतात.

१८६० च्या आसपास यातले जवळपास काहीच नव्हते. गुरे, थोडी शेती आणि उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जनावरे नेणे, एवढाच गावाचा व्यवहार होता. मोजकी हॉटेले होती आणि तेथे मोजकेच इंग्रज पाहुणे उतरत.

एडवर्ड व्हिंपर कोण होता?

व्हिंपरचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये झाला. अकरा भावंडांमध्ये तो दुसरा. वडील जोसाया व्हिंपर हे लाकडावर चित्रे कोरणारे कारागीर होते. छायाचित्रे छापण्याचे तंत्र तेव्हा आले नव्हते. पुस्तकातील किंवा साप्ताहिकातील प्रत्येक चित्र आधी लाकडी ठोकळ्यावर उलटे कोरावे लागे आणि मग त्यावरून छापले जाई. एडवर्ड चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली याच कामाला लागला. दिवसभर वाकून कोरत बसायचे, हे त्याचे किशोरवय.

त्या काळचे इंग्रज गिर्यारोहक बहुतेक वकील, पाद्री, प्राध्यापक किंवा जमीनदार घरांतील होते. व्हिंपर यांपैकी कोणी नव्हता. विद्यापीठात न गेलेला, हाताने काम करून पोट भरणारा हा तरुण त्या वर्तुळात कायम थोडा उपराच राहिला.

चित्रकार गिर्यारोहक कसा झाला?

१८६० मध्ये लंडनमधील प्रकाशक विल्यम लाँगमन यांना आल्प्सच्या शिखरांची चित्रे हवी होती. ते काम २० वर्षांच्या व्हिंपरला मिळाले. तोपर्यंत त्याने मोठा डोंगर पाहिलाही नव्हता. चित्रे काढता काढता त्याला चढाईचे वेड लागले. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, तो फ्रान्समधील माँ पेल्वू या शिखरावर पोहोचला.

नंतरच्या चार उन्हाळ्यांत त्याने अनेक शिखरे सर केली. १८६४ मध्ये बार दे झेक्रां, तर १८६५ मध्ये एग्वी व्हेर्त या शिखरावर पहिले पाऊल टाकणाऱ्यांत तो होता. डोंगरात मुक्काम करता यावा म्हणून त्याने स्वतः तंबू तयार केला. दोन्ही टोकांना दोन-दोन काठ्या आणि तळाला कापड शिवलेला हा तंबू ‘व्हिंपर तंबू’ म्हणून ओळखला गेला. पुढे कित्येक दशके मोठ्या मोहिमांत तो वापरात होता.

मॅटरहॉर्नचा ध्यास कशामुळे?

आल्प्समधील बहुतेक उंच शिखरे तोपर्यंत सर झाली होती. मॅटरहॉर्न मात्र अजिंक्य होते. त्याच्यावर भुतांची वस्ती आहे, अशी समजूत आसपासच्या खोऱ्यांत होती. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनाही १८६२ मध्ये शिखराच्या बरेच जवळ जाऊन परतावे लागले.

व्हिंपरने १८६१ ते १८६३ या काळात सात वेळा प्रयत्न केले. हे सर्व इटलीच्या बाजूने, ब्रुई (आजचे चेर्विनिया) येथून होते. १८६२ च्या एकाच उन्हाळ्यात त्याने पाच वेळा चढाई केली. त्यातल्या एका खेपेस तो एकटाच निघाला. उतरताना पाय घसरला आणि सुमारे ६० मीटर खाली आपटत गेला. डोक्याला अनेक जखमा झाल्या. त्यानंतर काही दिवसांतच तो पुन्हा त्याच धारेवर होता.

या बाजूला त्याच्या तोडीचा एकच माणूस होता, ज्याँ-अँत्वान कॅरेल. इटलीच्या सैन्यात लढलेला हा स्थानिक शिकारी व वाटाड्या. मॅटरहॉर्न आपल्याच खोऱ्यातल्या माणसाने आणि आपल्याच बाजूने जिंकावे, अशी त्याची जिद्द होती. व्हिंपरला तो हवा होता, कारण त्याच्याइतका कसलेला साथीदार दुसरा नव्हता. त्याची धास्तीही होती, कारण हा साथीदार कधीही प्रतिस्पर्धी होऊ शकत होता.

चित्रकाराच्या नजरेने काय टिपले?

झरमॅटमधून समोर पाहिले की मॅटरहॉर्नची पूर्वेकडील बाजू जवळपास उभी भिंत वाटते. त्यामुळे तिकडून चढण्याचा विचार सहसा कोणी करत नसे. व्हिंपरने मात्र हा डोंगर वेगवेगळ्या कोनांतून न्याहाळला होता. बाजूने पाहिल्यावर तोच उतार बराच सौम्य, साधारण ४० अंशांचा असल्याचे त्याच्या लक्षात आले. त्या बाजूला बर्फ टिकून राहतो, म्हणजे उतार फार तीव्र नसणार, हाही त्याचा तर्क होता.

दुसरा मुद्दा खडकांच्या थरांचा. इटलीकडील बाजूला थर बाहेरच्या दिशेने खाली झुकलेले आहेत, म्हणजे उतरत्या कौलांसारखे. तेथे हातापायांना पकड मिळत नाही. झरमॅटच्या बाजूला हेच थर आत झुकतात आणि पायऱ्यांसारखे होतात. सर्वांना अवघड वाटणारी बाजू प्रत्यक्षात सोपी आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि तो बरोबर ठरला.

१८६५ च्या जुलैमध्ये शर्यत कशी लागली?

इटलीचे एकीकरण नुकतेच झाले होते. क्विंतिनो सेला यांनी १८६३ मध्ये स्थापन केलेल्या इटालियन अल्पाइन क्लबला हे शिखर राष्ट्रीय प्रतिष्ठेचे वाटत होते. क्लबतर्फे फेलिचे जोर्दानो या अभियंत्याने कॅरेलला गुपचूप कामाला लावले. व्हिंपर ब्रुईमध्ये असतानाच ११ जुलै रोजी कॅरेलची तुकडी मॅटरहॉर्नकडे निघाल्याचे त्याला कळले. आपल्याला फसवले गेले, असे त्याला वाटले.

आता झरमॅटच्या बाजूने आधी पोहोचणे, हाच मार्ग उरला होता. पण त्याच्याजवळ वाटाड्याच नव्हता. योगायोगाने १८ वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस तेथे आला. दोघे १२ जुलै रोजी थिओडुल खिंड ओलांडून झरमॅटला पोहोचले. तेथे त्यांनी पीटर टाउगवाल्डर या स्थानिक वाटाड्याला ठरवले. त्याचा त्याच नावाचा मुलगाही सोबत येणार होता.

माँटे रोझा हॉटेलवर व्हिंपरला जुना साथीदार मिशेल क्रो भेटला. शामोनीचा हा निष्णात वाटाड्या पाद्री चार्ल्स हडसन यांच्यासोबत याच शिखरासाठी आला होता. हडसन यांच्याबरोबर १९ वर्षांचा डग्लस हॅडो होता. हॅडोने नुकतेच माँ ब्लाँ सर केले होते. मात्र अवघड खडकावरील अनुभव त्याला फारसा नव्हता. दोन्ही गट एकत्र आले. एका रात्रीत सात जणांची तुकडी तयार झाली. त्यांपैकी अनेकांनी एकमेकांसोबत कधीच चढाई केलेली नव्हती.

१४ जुलैला नेमके काय घडले?

१३ जुलैच्या पहाटे सातही जण निघाले आणि सुमारे ३,३५० मीटर उंचीवर मुक्कामाला थांबले. दुसऱ्या दिवशीची चढाई अपेक्षेपेक्षा सोपी गेली. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी शिखर दृष्टीच्या टप्प्यात येताच व्हिंपर आणि क्रो दोर सोडवून धावत सुटले व एकाच वेळी माथ्यावर पोहोचले. बर्फावर कोणाच्याही पावलांचे ठसे नव्हते.

खाली इटलीच्या धारेवर कॅरेलची माणसे ठिपक्यांसारखी दिसत होती. त्यांचे लक्ष वेधण्यासाठी दोघांनी ओरडून पाहिले, मग खाली दगड लोटले. हार झाल्याचे कळताच इटालियन तुकडी माघारी फिरली. झेंडा नव्हता, म्हणून क्रोने आपला निळा सदरा तंबूच्या काठीला बांधून फडकवला. तो पाहून ब्रुईमध्ये आपलीच माणसे जिंकल्याचा जल्लोष झाला.

तासाभराने उतरण सुरू झाली. सर्वात पुढे क्रो, मग हॅडो, हडसन, डग्लस, थोरला टाउगवाल्डर, व्हिंपर आणि शेवटी धाकटा टाउगवाल्डर. हॅडोची पावले क्रोला स्वतःच्या हाताने खडकावर टेकवून द्यावी लागत होती. दुपारी तीनच्या सुमारास हॅडो घसरला आणि क्रोवर आदळला. दोघांच्या ओझ्याने हडसन आणि डग्लसही ओढले गेले. वरच्या तिघांनी खडकाला घट्ट धरले. क्षणभर दोर ताणला गेला आणि डग्लस व थोरला टाउगवाल्डर यांच्यामध्ये तुटला.

वाचलेल्या तिघांनी ती रात्र डोंगरावरच काढली. नंतर हिमनदीवर तिघांचे मृतदेह सापडले. लॉर्ड डग्लसचा देह आजतागायत मिळालेला नाही.

दोर का तुटला?

तुकडीकडे तीन प्रकारचे दोर होते. दोन मजबूत, तर तिसरा पातळ. हा तिसरा दोर माणसांना बांधण्यासाठी आणलेलाच नव्हता. अवघड जागी खडकाला बांधून मागे सोडून देण्यासाठी तो होता. तुटला तो हाच. चांगला दोर ७५ मीटरहून अधिक लांबीचा शिल्लक असताना दोन माणसांमध्ये ही पातळ दोरी बांधली गेली होती.

दोराची ताकद फक्त स्थिर वजनावर मोजता येत नाही. पडणारा माणूस थांबताना बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. आजचे गिर्यारोहणाचे दोर नायलॉनचे असतात; ते ताणले जाऊन हा झटका पोटात घेतात. तेव्हाचे दोर वनस्पतींच्या धाग्यांचे होते आणि फारसे ताणले जात नसत. चार माणसांचा भार त्या पातळ दोरीला पेलणे शक्यच नव्हते.

पण दोरी टिकली असती तर? कदाचित वरचे तिघेही खाली गेले असते. ज्या दोरीमुळे चौघांना वाचवण्याची संधी हुकली, तिच्याच कमकुवतपणामुळे तिघे जिवंत राहिले, ही शक्यता नाकारता येत नाही.

दोष कोणाच्या माथी आला?

झरमॅटमध्ये चौकशी झाली आणि थोरल्या टाउगवाल्डरला निर्दोष ठरवण्यात आले. तरीही त्याने जीव वाचवण्यासाठी दोर कापल्याची कुजबुज थांबली नाही. व्हिंपरने नंतर आपल्या पुस्तकात दोर कापला गेला नव्हता, हे स्पष्ट केले. मात्र सर्वांत कमकुवत दोरी टाउगवाल्डरने का बांधली, हा संशय त्यानेच जाहीरपणे मांडला.

यात व्हिंपरच्या वाट्याचा भागही कमी नव्हता. तिन्ही दोर त्याच्याच सोबत आले होते. अवघड जागी दोर बांधून ठेवण्याची कल्पना त्याने हडसन यांना सुचवली होती, पण उतरताना ती अमलात आली नाही. साथीदार एकमेकांना दोर बांधत होते, तेव्हा तो शिखराचे रेखाचित्र काढत होता. कोणामध्ये कोणता दोर आहे, हे त्याने तपासले नाही. अननुभवी हॅडोला सोबत घेण्यास हडसन यांच्या शब्दावर त्याने होकार दिला होता. आणि कॅरेलच्या आधी पोहोचण्याची घाईही त्याचीच होती.

परिणाम मात्र दोघांसाठी सारखे नव्हते. लंडनच्या ‘द टाइम्स’सह वृत्तपत्रांनी गिर्यारोहणावर कठोर टीका केली, तरी व्हिंपरला आपली बाजू मांडायला लेखणी आणि वाचक होते. टाउगवाल्डरकडे दोन्ही नव्हते. वाटाड्याची रोजीरोटी विश्वासावर चालते आणि तोच उडाला होता. तो काही काळ अमेरिकेत गेला, परतला आणि १८८८ मध्ये मॅटरहॉर्नच्या पायथ्याशीच मरण पावला.

व्हिंपरने पुढे काय केले?

कॅरेल १७ जुलै १८६५ रोजी, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, इटलीच्या बाजूने शिखरावर पोहोचला. व्हिंपरने आल्प्समध्ये नवी शिखरे गाठण्याचा नाद सोडला. १८६७ आणि १८७२ मध्ये तो ग्रीनलंडला गेला. १८७१ मध्ये त्याचे आल्प्समधील चढायांवरचे पुस्तक आले. त्यातील अनेक चित्रे त्याने स्वतः कोरली होती. गिर्यारोहणावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

१८७९ च्या अखेरीस तो दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरला गेला आणि सोबत नेले ते कॅरेललाच. जुने प्रतिस्पर्धी ४ जानेवारी १८८० रोजी ६,२६३ मीटर उंचीच्या चिंबोराझोवर पहिले पाऊल टाकण्यात यशस्वी झाले. या मोहिमेचा उद्देश शिखरे मोजणे एवढाच नव्हता. विरळ हवेत माणसाच्या शरीराचे काय होते, हे व्हिंपरला पाहायचे होते. त्यासाठी कोटोपाक्सी या जिवंत ज्वालामुखीच्या माथ्यावर त्याने एक रात्र मुक्काम केला. उंची मोजणाऱ्या वायुदाबमापकांतील चुकाही त्याने नोंदवल्या. या कामासाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला पदक दिले.

कॅरेलचा शेवट १८९० मध्ये मॅटरहॉर्नवरच झाला. वादळात अडकलेल्या आपल्या पाहुण्यांना सुरक्षित खाली आणल्यावर थकव्याने त्याने प्राण सोडले.

अपघातामुळे झरमॅट कसे बदलले?

इतक्या टीकेनंतर लोक डोंगराकडे पाठ फिरवतील, असे वाटले होते. झाले उलटेच. युरोपभर गाजलेल्या त्या डोंगराला पाहायला लोक येऊ लागले. १८७१ मध्ये लुसी वॉकर हिने मॅटरहॉर्न सर केले. तेथे पोहोचणारी ती पहिली महिला. १८९१ मध्ये झरमॅटला रेल्वे आली, तर १८९८ मध्ये गोर्नरग्राटची विजेवर चालणारी रेल्वे सुरू झाली. वाटाड्यांच्या घरांना उन्हाळ्यात हुकमी उत्पन्न मिळू लागले. खुद्द व्हिंपरने १८९७ मध्ये झरमॅटसाठी पर्यटकांची मार्गदर्शक पुस्तिका लिहिली आणि वेळोवेळी तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या.

डोंगराने मात्र आपली किंमत घेणे थांबवलेले नाही. मॅटरहॉर्नवर आतापर्यंत ५०० हून अधिक जणांचा मृत्यू झाला आहे. २००३ च्या तीव्र उन्हाळ्यात हॉर्नली धारेवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. खडकांना धरून ठेवणारा आतला बर्फ उष्णतेने वितळणे, हे अशा दरडींचे एक कारण मानले जाते. आज या धारेवर अवघड जागी जाड दोर कायमचे बांधलेले आहेत आणि एका वाटाड्यासोबत साधारणपणे एकच गिर्यारोहक जातो. सात जण एका दोरात असा प्रकार आता दिसत नाही.

अखेर कशी झाली?

व्हिंपरचा स्वभाव हट्टी आणि एकलकोंडा होता. १९०६ मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याने लग्न केले. एक मुलगी झाली, पण संसार टिकला नाही. व्याख्याने देणे आणि दर उन्हाळ्यात आल्प्समध्ये फिरणे सुरूच राहिले. सप्टेंबर १९११ मध्ये शामोनीच्या एका हॉटेलात तो आजारी पडला. त्याने खोलीचे दार बंद करून घेतले आणि उपचारांना नकार दिला. १६ सप्टेंबर रोजी ७१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर शामोनीतच, म्हणजे मिशेल क्रोच्या गावी आहे.

पहिल्या चढाईला १५० वर्षे झाली, तेव्हा १४ जुलै २०१५ रोजी मॅटरहॉर्न चढाईसाठी बंद ठेवण्यात आले होते. ऐन हंगामातला तो दिवस झरमॅटने विजयासाठी नव्हे, तर या डोंगरावर गेलेल्या सगळ्यांच्या आठवणीसाठी राखून ठेवला.